प्रबंध विद्यार्थ्याचा, प्रश्न कुणाचा?

साशंक : एम.ए. इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संशोधन केलंच पाहिजे, हा आग्रह मला पटत नाही, मॅडम. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचा पेपर आला, तिसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं प्रोजेक्ट आणि चौथ्यात ६ क्रेडिटचं. पदवीच्या चौथ्या वर्षाला निदान अट तरी आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तरच 'ऑनर्स विथ रिसर्च'. एम.ए.ला तीही नाही. विभागात कायम प्राध्यापक दोन किंवा तीन, बाकीचे तासिका तत्त्वावर, एकेका गाईडच्या वाट्याला पंधरा-वीस मुलं. मग विषय कसे ठरतात ते आपण दोघांनीही पाहिलं आहे. एक कादंबरीकार घ्यायचा, एक संकल्पना घ्यायची, दोन्ही जोडायच्या. अनिता देसाईंच्या नायिकांचा एकटेपणा. शशी देशपांडेंच्या कादंबऱ्यांतलं मौन. आर. के. नारायणांचं मालगुडी. पहिल्या प्रकरणात लेखकाचं चरित्र, दुसऱ्यात सिद्धान्त, पुढे कादंबऱ्यांची कथानकं आणि शेवटी एक निष्कर्ष, जो सिनॉप्सिसमध्येच लिहून झालेला असतो. यात त्या मुलाचं वर्ष जातं. त्या वर्षात त्याने 'मिडलमार्च' सावकाश वाचली असती, तिच्यातल्या एखाद्या प्रकरणावर स्वतःच्या भाषेत चार पानं लिहिली असती, तर त्याच्याजवळ काही तरी उरलं असतं. संशोधन ही वाचनानंतरची पायरी आहे. आपण मुलांना थेट वरच्या पायरीवर उभं करतो आणि तोल गेला की त्यांनाच दोष देतो.

आग्रही : तुम्ही वर्णन केलेले प्रबंध मीही तपासते, सर, आणि तपासताना वाईट वाटतं. पण संशोधन करायला लावलं म्हणून ते पोकळ झालेले नाहीत. संशोधन करूच दिलं नाही म्हणून झाले आहेत. ज्या प्रश्नाचं उत्तर गाईडलाही ठाऊक, परीक्षकालाही ठाऊक, तो प्रश्न हातात दिल्यावर मूल ते उत्तर सजवून परत देण्याशिवाय काय करणार? विद्यार्थ्याचं संशोधन काय असू शकतं, याचं एक उदाहरण सांगते. १९६१ साली विल्यम लबोव्ह नावाचा, कोलंबिया विद्यापीठात नुकताच दाखल झालेला विद्यार्थी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिन्यर्ड या बेटावर गेला. बेटाची कायमची वस्ती सहा हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात मात्र पर्यटकांचा आकडा चाळीस हजारांच्या वर जायचा. 'राइट' आणि 'हाउस' यांसारख्या शब्दांतला संयुक्त स्वर बेटावरचे काही लोक जरा आत, तोंडाच्या मध्याकडे ओढून उच्चारतात, हे त्याच्या कानाला जाणवलं. न्यू इंग्लंडच्या भाषिक नकाशासाठी १९३३ साली त्याच बेटावर झालेल्या नोंदी हाताशी होत्या. त्यांच्याशी ताडून पाहिलं, तर ओसरत आलेला तो जुना उच्चार पुन्हा जोर धरत होता. त्याने ६९ स्थानिकांच्या मुलाखती घेतल्या. वय, वस्ती, धंदा यांप्रमाणे त्यांची मांडणी केली. चिल्मार्क भागातल्या मच्छीमारांत आणि बेट सोडून जायचं नाही असं ठरवलेल्या तरुणांत तो उच्चार सर्वांत ठळक निघाला. बेट पाहुण्यांच्या ताब्यात जात असताना 'आम्ही इथले' हे ती माणसं एका स्वरातून सांगत होती, आणि त्यांचं त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. हा १९६२ चा एम.ए.चा निबंध. पुढच्याच वर्षी तो 'वर्ड' या नियतकालिकात छापून आला. उच्चारातला बदल घडत असताना पाहता येत नाही, तो झाल्यावरच कळतो, ही पक्की समजूत त्यामुळे हलली. सामाजिक भाषाविज्ञान नावाची जी शाखा आज आपण शिकवतो, तिच्या पायाशी एका विद्यार्थ्याचं डेझर्टेशन आहे.

साशंक : लबोव्हचं नाव तुम्ही घेणार हे मला अपेक्षित होतं, कारण त्याचं उदाहरण खरोखर सुंदर आहे. पण ते पूर्ण सांगा. तो तेव्हा पस्तिशीला आलेला होता. विद्यापीठात परतण्याआधी दहा-बारा वर्षं त्याने शाईच्या उद्योगात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलं होतं. मोजमाप म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, हे तो तिथे शिकला होता. मार्गदर्शक म्हणून त्याला ऊरिएल वाइनराइख मिळाले, भाषासंपर्काच्या अभ्यासातलं त्या काळातलं फार मोठं नाव. आणि १९३३ च्या नोंदी! कुणीतरी तीस वर्षं आधी गावोगाव फिरून कान देऊन ऐकलं होतं, लिहून ठेवलं होतं, आणि ते जपलं गेलं होतं. एका विद्यार्थ्याच्या निबंधामागे हे एवढं उभं होतं. साहित्याकडचं उदाहरणही तसंच. विल्यम एम्प्सनचं 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी' १९३० साली आलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि पुस्तकाचं बीज केंब्रिजमधल्या विद्यार्थिदशेतलं. पण त्याचे शिक्षक आय. ए. रिचर्ड्स होते, आठवड्याला समोरासमोर बसून एकेका कवितेवर बोलणारे. याच रिचर्ड्सनी तेरा कविता कवीचं नाव न देता विद्यार्थ्यांच्या हाती ठेवल्या, त्यांच्या प्रतिक्रिया लिहून घेतल्या आणि १९२९ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यातून काय दिसलं? केंब्रिजच्या निवडक मुलांनासुद्धा कवितेचा साधा वाच्यार्थ धड लागत नव्हता. ठरावीक, ऐकीव प्रतिक्रियांवर ती निभावून नेत होती. मला रिचर्ड्सचा हा धडा लबोव्हच्या धड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिथे ही स्थिती, तर आपला विद्यार्थी ज्या भाषेत अजून चाचपडतोय त्या भाषेतल्या वाङ्मयावर त्याने मौलिक विधान करावं, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

आग्रही : रिचर्ड्सचा धडा मी वेगळा वाचते. त्या तेरा कवितांचा प्रयोग हेच मुळी संशोधन होतं, आणि त्याची सामग्री म्हणजे विद्यार्थ्यांचं प्रामाणिक न कळणं. ते न कळणं लिहून ठेवण्याजोगं आहे, असं कुणाला तरी वाटलं. आपल्याकडे विद्यार्थी तेच झाकायला शिकतो. राहिला प्रश्न मागे उभ्या असलेल्या आधाराचा. तो आपल्याकडे नाही हे खरं नाही, सर. कोल्हापूर घ्या. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा एक संग्रह तयार केला. १९७८ साली छापलेल्या मजकुरातून निवडलेले ५०० उतारे, प्रत्येक सुमारे दोन हजार शब्दांचा, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. वर्तमानपत्रं, कथा, कादंबऱ्या, शास्त्रीय लेखन, सरकारी कागदपत्रं, सगळं त्यात आहे. अमेरिकन इंग्रजीच्या ब्राउन संग्रहाच्या धर्तीवर, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता यावी असा. १९८६ साली त्याची माहितीपुस्तिका निघाली. संगणक ही वस्तू बहुतेक महाविद्यालयांनी पाहिलेलीही नव्हती तेव्हाचं हे काम! जगभरचे भाषाशास्त्रज्ञ त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखतात. पुढे आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला भारतीय इंग्रजीचा संग्रह झाला, ज्यात बोललेलं इंग्रजीही आहे, त्यातही शास्त्री आणि कोल्हापूर होतेच. जर्मनीत गीसनला जॉयब्रतो मुखर्जी, ड्रेस्डेनला क्लाउडिया लांगे, अशा अभ्यासकांनी या सामग्रीवर भारतीय इंग्रजीचा अभ्यास उभा केला. लांगे यांचं बोलल्या जाणाऱ्या भारतीय इंग्रजीच्या वाक्यरचनेवरचं पुस्तक २०१२ चं. आता मला सांगा, कोल्हापूर, सांगली, सातारा इथल्या किती एम.ए.च्या वर्गांत या संग्रहाचं नाव तरी घेतलं जातं? आपण जोर देण्यासाठी इंग्रजी वाक्यात 'ओन्ली' कुठे टाकतो याचा अभ्यास परदेशी विद्यार्थी संग्रह उघडून करतो. आपल्या मुलाच्या कानात मराठीचा 'च' जन्मापासून आहे. तो जोर आतून कसा जाणवतो हे त्याला ठाऊक आहे, आणि तो मालगुडीवर प्रकरण लिहीत बसला आहे.

साशंक : कोल्हापूरचं काम थोर आहे, यात दुमत नाही. त्याची उपेक्षा झाली याची मला लाज वाटते. पण तुमच्या शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी आल्या आणि दोन्हींना माझा आक्षेप आहे. पहिली अशी, की जवळचं आहे म्हणून ते कळतंच असं नाही. सांगलीजवळचं कुपवाड पाहा. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. तिथल्या माणसाला त्यात नवल काय वाटणार? जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की शब्द वेगळे राहिले तरी या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतलं वाक्य जवळपास शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. हे बाहेरच्याला दिसलं, कारण त्याने आधी खूप वाचलं होतं, इतर ठिकाणची उदाहरणं त्याच्यासमोर होती. गावातल्या कॉलेजचा मुलगा रोज त्यातून चालत होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुमच्या बोलण्यातून असं निघतं, की आपल्या मुलाने आपल्या गल्लीवर काम करावं, कारण तिथे त्याचा हक्क मोठा. म्हणजे लंडनच्या विद्यार्थ्याने अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'वर लिहायचं, मिल्टनवरही लिहायचं. आणि लातूरच्या मुलीने मात्र लातूरवरच? तिला मिल्टन आवडला तर? ज्या मुलीच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी इंग्रजीत एम.ए. करतं आहे, ती इंग्रजीकडे आली ती घरापासून दूर बघता यावं म्हणून. तिच्या हाती रेकॉर्डर देऊन तुम्ही तिला पुन्हा घरी पाठवता आहात.

आग्रही : या आक्षेपापुढे मला थांबावंच लागतं. लातूरच्या मुलीला मिल्टन मिळालाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. गंमत म्हणून नव्हे, हक्क म्हणून. इंग्रजी वाङ्मय हा विषय म्हणून आपल्याकडे त्यांच्याआधी रुजला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आला तो १८९४ साली. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' या १९८९ च्या पुस्तकात हाच इतिहास उलगडला आहे. शासनाची गरज म्हणून वसाहतीत आधी इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम घडला. तेव्हा मिल्टन परका, लातूर आपलं, अशी वाटणी मी करणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मिल्टनवर लिहिताना तिने तिला पडलेला प्रश्न विचारावा. 'पॅरडाइज लॉस्ट' वाचताना तिला आपल्याकडच्या कीर्तनातला आख्यान लावण्याचा ढंग आठवला, तर त्या आठवणीचं काय करायचं? आज ती खोडते, कारण संदर्भसूचीत त्याला जागा नसते. आणि कुपवाडचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी त्याच गावातल्या भाषांकडे पुन्हा पाहिलं, गंपर्झ आणि विल्सन यांचं प्रारूप तपासलं, त्याला प्रश्न विचारले. बाहेरच्याने पाहिलं, मग इथल्या अभ्यासकाने त्याला तपासलं. मला विद्यार्थी हवा आहे तो या दुसऱ्या कामासाठी. जगप्रसिद्ध निष्कर्ष आपल्या गावाबद्दलचा असेल तर तो पुन्हा पडताळायचं धैर्य एम.ए.ला का येऊ नये? पडताळणीला प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते.

साशंक : पडताळणी. हा शब्द तुम्ही आधी वापरला असता तर आपला अर्धा वाद वाचला असता. मौलिकतेचा आग्रह सोडा, पडताळणी करा, असं म्हणत असाल तर मी बराचसा तुमच्या बाजूला येतो. पण त्यालाही वेळ लागतो. एका सत्रात पंधरा आठवडे. त्यांत सण, निवडणुका, इतर पेपरच्या अंतर्गत परीक्षा. पंधरा-वीस मुलांपैकी प्रत्येकाचं रेकॉर्डिंग ऐकायला गाईडला तास कुठून मिळणार?

आग्रही : वीस प्रबंध कशाला हवेत? वीस मुलांचा एक प्रबंध करा. आपण संशोधन म्हणजे एकट्याने करायची गोष्ट असं धरून बसलो आहोत. बर्मिंगहॅममध्ये रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ साली इंग्रजी विभागाच्या अंगाने एक केंद्र काढलं, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते सांभाळलं, आणि संस्कृति-अभ्यास ही ज्ञानशाखा तिथे आकाराला आली. शिक्षक मोजके, विद्यार्थी जास्त. त्यांनी गट केले. एकत्र वाचायचं, एकत्र लिहायचं, स्टेन्सिल कापून चक्रमुद्रित करायचं आणि वाटायचं. छापखान्याची वाट पाहायची नाही. १९७२ साली शहरातल्या हँड्सवर्थ भागात लुटमारीचा एक गुन्हा घडला, काही महिन्यांनी एका मुलाला वीस वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी त्यावर जे रान उठवलं त्याचा अभ्यास हॉल आणि चार तरुण सहकाऱ्यांनी मिळून सुरू केला. १९७८ मध्ये त्यातून 'पोलिसिंग द क्रायसिस' उभं राहिलं. गुन्ह्याची बातमी लोकांच्या मनातली भीती कशी घडवते आणि त्या भीतीवर राज्यसत्ता कशी कठोर होत जाते, हे त्या पुस्तकाने दाखवलं. त्याच वर्षी अँजेला मॅक्‌रॉबी हिने 'जॅकी' या मुलींच्या साप्ताहिकावर केंद्राची एक चक्रमुद्रित पुस्तिका लिहिली. तेव्हा असल्या साप्ताहिकाकडे कोण अभ्यास म्हणून पाहणार होतं? आणि त्याच केंद्रातल्या स्त्रियांनी 'विमेन टेक इश्यू' काढून आपल्या सहकाऱ्यांना सांगितलं, की तुमच्या संस्कृतीच्या अभ्यासात आम्ही दिसत नाही. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. विद्यार्थिनींनी केंद्राचीच तपासणी केली आणि केंद्राने ती आपल्या नावाने प्रसिद्ध केली.

आपल्याकडे असं काय करता येईल, विचारा. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महाराष्ट्रातल्या सगळ्या दुकानांना, कामगार कितीही असोत, मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. एक रस्ता घ्या, एकाच बाजूची सगळी दुकानं. प्रत्येक पाटीचा फोटो, कोणती लिपी वर, कोणती मोठी, देवनागरीत लिहिलेलं कितीसं मराठी आहे आणि कितीसं इंग्रजी, दुकानाच्या आतल्या दरपत्रकावर काय, बिलावर काय. वीस मुलं एका आठवड्यात हे गोळा करतील. पुढची दहा वर्षं दरवर्षीच्या वर्गाने तोच रस्ता पुन्हा नोंदवला, तर १९३३ च्या नोंदींसारखं काही तरी आपल्या विभागात तयार होईल. पुढच्या कुठल्या तरी लबोव्हला लागणारं.

साशंक : हे मला आवडलं. विशेषतः दरवर्षी तोच रस्ता ही कल्पना. कारण त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना निष्कर्ष काढायची घाई नाही. ती पुढच्यांसाठी नोंदी करताहेत. मात्र दोन गोष्टी तुमच्या बर्मिंगहॅमला जोडून सांगतो. हॉगर्ट मुळात वाङ्मयाचं बारकाईने वाचन करणारा समीक्षक होता. 'जॅकी' वाचण्याची नजर कविता वाचून तयार झालेल्या परंपरेतून आली. पाटी वाचायलाही ती लागते, नाहीतर फोटोंचा ढीग होतो. आणि ते केंद्र ज्या विभागाच्या रूपाने पुढे चाललं होतं, तो विभाग विद्यापीठाने २००२ साली बंद केला. अशी कामं संस्थेला नेहमी झेपतात असं नाही.

पण मला खरं अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. पाट्यांचं ठीक, पाटीला भावना नसतात. तुम्ही मुलांना माणसांकडे पाठवता तेव्हा काय होतं? एखादा मुलगा आजीची बोली नोंदवतो. घरात ती आजी असते, प्रबंधात ती 'वक्ता क्रमांक ३' होते. तिच्या बोलण्यातला जो स्वर मुलाने शहरात येऊन घासून टाकला, तोच आता त्याला १० क्रेडिट मिळवून देतो. तिला त्यातून काय मिळतं? प्रबंध इंग्रजीत. तिला वाचता येणार नाही, गावातल्या कुणाला दाखवला जाणार नाही. कपाटात ठेवून आपण विसरणार. इंग्रजीच्या विभागाने ज्या लोकांकडून घेतलं त्यांना कधी काही परत केलं आहे का?

आग्रही : एक उदाहरण मी मनात जपून ठेवलं आहे. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या आणि फलटणकरांच्या बोलण्यातल्या भेदांवर त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ साली पीएच.डी. मिळवली. सामाजिक भाषाविज्ञानाच्या पद्धतीने मराठी बोलीवर झालेलं हे सुरुवातीच्या कामांपैकी एक. प्रबंध झाला, तरी त्या परत आल्या, तिथेच मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. आणि फलटणच्या बेबीताई कांबळे चोरून काही लिहीत असतात, हे त्यांना कळलं. त्यांनी आग्रह धरला. 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. माया पंडित यांचा इंग्रजी अनुवाद २००८ चा. आज तो कितीतरी विद्यापीठांत इंग्रजी विभागांच्या अभ्यासक्रमात आहे. संशोधक म्हणून गावात कान देऊन राहिलेल्या एका बाईमुळे महार स्त्रीच्या आयुष्याचा तो दस्तऐवज आपल्या हाती लवकर आला.

साशंक : हे ऐकून माझ्या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण तुमच्या बाजूचं नाही. बेबीताईंचं लेखन बाहेर आलं ते प्रबंधामुळे नव्हे. एका माणसाने तिथे राहायचं ठरवलं त्यामुळे. चौथ्या सत्राच्या मुलाला आपण राहायला शिकवत नाही. मेपर्यंत प्रत बांधून आणायला सांगतो. आणि लिहिलं बेबीताईंनी, हे आपण दोघांनीही विसरू नये.

आग्रही : मान्य. श्रेय त्यांचंच. पण ऐकणाऱ्याशिवाय ती वही किती वर्षं लपून राहिली असती? मला एवढंच हवं आहे, की आमच्या विभागातून बाहेर पडणाऱ्या वीसांपैकी दोघांना ऐकण्याची सवय लागावी. आता त्या पुस्तकाचं आमच्या वर्गात काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझी तळमळ कळेल. फलटणपासून तासाभरावर राहणारी, मराठीतून शिकलेली मुलगी ते इंग्रजी अनुवादातून वाचते, त्यावर इंग्रजीत लिहिते, आणि मूळ मराठी पुस्तक तिच्या संदर्भसूचीतही नसतं. कारण गाईडने सांगितलेलं असतं, आपला विषय इंग्रजी. तिला ती भाषा कळते. परदेशी परीक्षकाला जे कळूच शकत नाही ते तिला कळतं, आणि तेच तिला बाजूला ठेवायला लावलं जातं. मी तिला मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचायला सांगते. व्हायव्हात तिला मराठीत बोलू द्यावं असंही माझं मत आहे.

साशंक : मूळ पुस्तकाबद्दल शंभर टक्के सहमत. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवत होते आणि 'किंग लिअर' मराठीत आणत होते. दोन्ही भाषा एका डोक्यात राहायला त्यांना अडचण आली नाही. व्हायव्हाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडेन. ती मुलगी इंग्रजी विभागात आली ती इंग्रजीसाठी. उद्या मुलाखतीला तिला कुणी मराठीत बोलू देणार नाही. पन्नास मिनिटं उभं राहून, अडखळत का होईना, आपला विचार इंग्रजीत मांडायची जी एकमेव संधी तिला पदवीभरात मिळते, तीही तुम्ही सहानुभूतीने काढून घेणार? ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांचं यात काही जात नाही. जातं तिचंच.

आग्रही : आणि अडखळण्याच्या भीतीने ती पाठ केलेलं बोलते, त्याचं काय? तिचा खरा विचार त्या खोलीत येतच नाही. आता तर पाठ करायचीही गरज उरलेली नाही. यंत्र तीस पानं सफाईदार इंग्रजीत लिहून देतं. २०१८ च्या यूजीसीच्या नियमाप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं. यंत्राने लिहिलेल्यात ते त्याहूनही कमी दाखवलं जाऊ शकतं. प्लॅगरिझमचा रिपोर्ट जोडला की आपण निश्चिंत. इंग्रजीची सफाई हाच आपला निकष राहिला तर आपण यंत्रालाच गुण देत राहू. त्या मुलीने काय पाहिलं, काय ऐकलं, कुठे अडली, हे तपासायचं तर ज्या भाषेत ती अडली त्या भाषेत विचारायला हवं.

साशंक : मग गुणांवर येऊ, कारण शेवटी गुणपत्रक तुम्हाला आणि मलाच भरायचं असतं. समजा, एका मुलीने तीन महाविद्यालयांत मुलांचं इंग्रजी बोलणं नोंदवलं. तिचा अंदाज होता की मराठी माध्यमातून आलेली मुलं ते 'ओन्ली' इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा जास्त वापरतात. मोजलं, फरक निघाला नाही. तिने तसं लिहिलं: फरक सापडला नाही. शंभरपैकी किती?

आग्रही : ऐंशीच्या वर. तिने प्रश्न विचारला, पद्धत पाळली, आणि हाती आलेलं लपवलं नाही. लबोव्हला फरक सापडला म्हणून तो मोठा नाही. सापडला नसता तर त्याने काय लिहिलं असतं हे महत्त्वाचं.

साशंक : मी साठ देईन. रागावू नका, कारण ऐका. तिने लांगे वाचली का, कोल्हापूरचा संग्रह उघडला का, तिच्या नमुन्यात फरक दिसण्याइतकी वाक्यं तरी होती का, हे कळल्याशिवाय 'फरक नाही' हे शोधलेलं उत्तर आहे की न शोधल्याचं, ते मला सांगता येणार नाही. आणि तिच्या शेजारच्या मुलाने घरी बसून फरक बनवला, तक्ते सुंदर काढले, तर त्याला तुम्ही ओळखणार कसं?

आग्रही : रेकॉर्डिंग मागेन. दहा तासांपैकी मला हवा तो एक तास काढून ऐकेन, आणि त्यावर विचारेन. हे नाटक कुणाला तासभर निभावता येत नाही.

साशंक : हे चांगलं आहे. मी बहिःस्थ परीक्षक असेन तर तिला आणखी एक विचारेन : फरक निघेल असं तुला आधी का वाटलं होतं? या उत्तरात तिची शाळा येईल, माध्यम येईल, कुणीतरी तिच्या इंग्रजीला हसलं असेल तर तेही येईल. आणि या एका प्रश्नाचं उत्तर तिने मराठीत दिलं तर मी अडवणार नाही.

आग्रही : मग साठावर अडून का बसता?

साशंक : कारण त्या उत्तराला गुणपत्रकात रकानाच नाही. विषयाची निवड, संदर्भवाचन, पद्धती, मांडणी, व्हायव्हा, असे रकाने आहेत. अंदाज चुकला आणि का चुकला ते कळलं, याला कुठे गुण लिहू?

आग्रही : अभ्यासमंडळावर मी आहे, सर. रकाना मी सुचवू शकते. दहा गुणांचा असला तरी सुरुवात होईल.

साशंक : सुचवा. पण रकाना आला की त्याची उत्तरंही तयार मिळू लागतील. 'माझा अंदाज चुकला' हेसुद्धा एक प्रकरण होऊन बसेल, छापील नमुन्याचं. ते कसं टाळाल? आणि त्याआधी मला हे सांगा, की तासिका तत्त्वावर वर्षभरासाठी नेमलेल्या गाईडच्या भरवशावर ती मुलगी पहिल्या मसुद्यात 'फरक सापडला नाही' असं लिहायचं धाडस करील, की दोघं मिळून थोडासा फरक काढून ठेवतील?